क्वाड्राफोनिक ध्वनिमुद्रिकांचा संगणकावर उलगडा

चार स्पीकरसाठी मिसळलेले संगीत दोनच चॅनलच्या विनाइल रेकॉर्डमध्ये साठवलेले असते, तेव्हा ते ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरच्या मदतीने पुन्हा चार चॅनलमध्ये वेगळे करण्याची पद्धत. पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा आणि मागे उजवा असे हे चार चॅनल. अशा रेकॉर्ड मुख्यतः १९७० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये निघाल्या. त्या उलगडणारी उपकरणे महाग होती, पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या, आणि दशक सरताना कंपन्यांनी हा नाद सोडला. आज तेच काम घरचा संगणक त्या काळच्या बहुतेक उपकरणांपेक्षा चांगले करू शकतो. मात्र रेकॉर्डवरून घेतलेला आवाज निर्दोष असला पाहिजे.

नाशिकमध्ये या रेकॉर्ड हाती येतात त्या जुन्या नाशकातल्या वाड्यांचे माळे रिकामे होताना, देवळाली कॅम्पातल्या एखाद्या बंगल्याची आवराआवर होताना, किंवा परदेशात राहून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातून. त्याच गठ्ठ्यातल्या साध्या मोनो किंवा स्टीरिओ रेकॉर्डमध्ये मागचे चॅनल मुळात नसतात. त्यांच्यावर हीच गणिते चालवली तर मागून काहीतरी ऐकू येते, पण ते कोणा ध्वनिमुद्रकाने तिथे ठेवलेले नसते. म्हणून पहिले काम ओळख पटवण्याचे. वेष्टनावर किंवा लेबलवर एसक्यू, क्यूएस, सीडी-४ किंवा क्वाड्राडिस्क (सीडी-४ चेच दुसरे नाव) असे लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर आवाज संगणकात घेऊन तपासावा लागतो.

चार चॅनल दोनांत बसतात कसे

रेकॉर्डची खाच व्ही आकाराची असते. तिच्या दोन भिंतींवर दोन चॅनल कोरलेले असतात. सुई आडवी हलते तेव्हा दोन्ही चॅनलची बेरीज मिळते आणि उभी हलते तेव्हा वजाबाकी. त्यामुळे दोन भिंतींवरच्या आवाजाची पातळी आणि फेज (एक लहर दुसरीच्या किती पुढे किंवा मागे आहे ते) यांचा परस्परसंबंध हीच साठवणुकीची जागा ठरते. पीटर शायबर या अमेरिकी संशोधकाने या कल्पनेवर आरंभीचे काम केले, आणि तिच्यातून ‘मॅट्रिक्स’ प्रकारच्या पद्धती निघाल्या.

जपानच्या सान्सुई कंपनीची क्यूएस पद्धत समजायला सर्वांत सोपी आहे. पुढचा डावा आवाज डाव्या चॅनलमध्ये ०.९२४ पट आणि उजव्यात ०.३८३ पट, दोन्हीकडे एकाच फेजमध्ये लिहिला जातो. मागचा डावा आवाज त्याच प्रमाणात लिहितात, पण दोन चॅनलमध्ये त्याची फेज परस्परविरुद्ध असते. उलगडताना डाव्या चॅनलमध्ये ७.७ डेसिबलने कमी केलेला उजवा चॅनल मिळवला की पुढचा डावा मिळतो, आणि तोच उजवा चॅनल उलटा करून मिळवला की मागचा डावा. उजव्या बाजूसाठी हेच अदलाबदल करून. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या प्रती काढणे, पातळी बदलणे आणि ‘इन्व्हर्ट’ एवढ्या तीन क्रियांत हे होते. मागचे दोन ट्रॅक पुढच्यांच्या तुलनेत ९० अंश पुढे-मागे राहतात, ते नंतर दुरुस्त करता येते. शिकणाऱ्याने क्यूएसपासून सुरुवात करावी, कारण इथे प्रत्येक पायरीचा परिणाम कानांना लगेच कळतो.

अमेरिकेच्या सीबीएसची एसक्यू पद्धत जास्त पसरली. ब्रिटनच्या ईएमआयनेही ती स्वीकारली. तिच्यात पुढचे दोन चॅनल जसेच्या तसे राहतात, त्यामुळे साध्या स्टीरिओवर रेकॉर्ड छान वाजते. मागचे आवाज दोन्ही चॅनलमध्ये ०.७०७ पट, पण आपसांत ९० अंशांच्या फरकाने लिहिलेले असतात. मागचा डावा असेल तर डावा चॅनल ९० अंश पुढे, मागचा उजवा असेल तर उजवा पुढे. अगदी मधोमध मागे ठेवलेला आवाज दोन चॅनलमध्ये उलट फेजचा होतो आणि मोनो यंत्रावर पूर्णपणे नाहीसा होतो. जुन्या मोनो रेडिओग्रामवर अशी रेकॉर्ड लावली, तर कलाकारांनी वाजवलेला एखादा संपूर्ण भाग ऐकूच येणार नाही.

सीडी-४ ही जेव्हीसीने काढलेली पद्धत वेगळीच आहे. ती मॅट्रिक्स नाही. प्रत्येक भिंतीवर पुढच्या आणि मागच्या आवाजाची बेरीज नेहमीसारखी कोरतात, आणि त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवून त्याच भिंतीवर कोरतात. ही लहर सुमारे १८ ते ४५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते, म्हणजे बहुतांश माणसाच्या कानाच्या पलीकडे. ती वाचण्यासाठीच शिबाता नावाची खास आकाराची सुई तयार झाली.

आवाज संगणकात घेणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि नंतर त्या भरून निघत नाहीत. मॅट्रिक्स रेकॉर्डसाठी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ पुरेसे आहे. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच ठेवावी. एमपी३ करताना दोन चॅनलमधला जो बारीक फरक फेकला जाऊ शकतो, नेमका त्यातच मागचे चॅनल असतात. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, जरा तिरके बसले तरी डाव्या-उजव्याची गळती वाढते, आणि मागचे आवाज पुढे सरकतात. दोन्ही चॅनलची पातळी दशांश डेसिबलपर्यंत जुळवून घ्यावी. अडॉबी ऑडिशन या सॉफ्टवेअरमध्ये फेज आपोआप दुरुस्त करणारी सोय आहे. ती या रेकॉर्डवर चुकूनही लावू नये. खरखर काढायची असेल तर ती उलगडण्याआधी, दोन्ही चॅनलवर एकाच मापाने काढावी.

नाशिकच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. पावसाळ्यात कागदी वेष्टनाला बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. हिवाळ्यातल्या कोरड्या थंडीत रेकॉर्डवर स्थिर विद्युतभार साठतो आणि धूळ चिकटते. खाचेतला कण सुईला उभा धक्का देतो, उभी हालचाल म्हणजे वजाबाकी, आणि दिशा ओळखणाऱ्या सुधारित उलगड्यात (त्याविषयी पुढे) हा आवाज थेट मागच्या स्पीकरांतून येतो. त्यामुळे या रेकॉर्ड धुण्याला साध्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. नळाचे पाणी वाळताना क्षार मागे सोडते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे. गणपतीच्या दिवसांत मिरवणुकीच्या मार्गालगत राहणाऱ्यांनी ध्वनिमुद्रण पुढे ढकललेलेच बरे. नाशिक ढोलाचा खर्ज भिंती आणि टेबलातून टर्नटेबलपर्यंत पोचतो, आणि तो नंतर गाळताना संगीताचाही खर्ज जातो.

अमेरिकेतून आलेल्या टर्नटेबलची आणखी एक अडचण असते. वीजपुरवठ्याच्या वारंवारितेवर चालणारी मोटर तिकडच्या ६० हर्ट्झसाठी बनलेली असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेते. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही. योग्य पुली मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर संगणकात वेग १.२ पट करता येतो. पण तेव्हा आरआयएए समीकरण (रेकॉर्डवर दाबलेला खर्ज आणि चढवलेला तार आवाज वाजवताना पूर्ववत करणारी दुरुस्ती) प्रीअँपमध्ये (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या उपकरणात) लावून चालत नाही, कारण ते चुकीच्या वारंवारितांवर लागते. आवाज सपाट, म्हणजे समीकरणाशिवाय, घ्यावा, वेग सुधारावा आणि मग समीकरण सॉफ्टवेअरमध्ये लावावे.

सीडी-४ साठीही सपाट मुद्रणच हवे. आरआयएए समीकरणाने ३० किलोहर्ट्झची लहर २० डेसिबलहून जास्त दाबली जाते. नमुनादर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते) किमान ९६, शक्यतो १९२ किलोहर्ट्झ असावा. यूएसबीची सोय असलेले स्वस्त टर्नटेबल ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर थांबतात, त्यामुळे वाहक लहर त्यांच्यात येतच नाही. कार्ट्रिजपासून प्रीअँपपर्यंतची वायर आखूड आणि कमी धारकतेची लागते. सगळे जमले आहे की नाही हे वर्णपटात (वारंवारितांच्या आलेखात) लगेच दिसते: ३० किलोहर्ट्झवर ठळक, अखंड पट्टा. तो तुटक असेल तर खाच झिजलेली आहे. जड टोनआर्म आणि साध्या गोल सुईखाली वर्षानुवर्षे वाजलेल्या रेकॉर्डवर हा पट्टा बहुधा सापडत नाही. तिथे फक्त बेरीज उरते, म्हणजे साधा स्टीरिओ.

एसक्यूचा उलगडा

एसक्यूमध्ये पुढचे दोन ट्रॅक म्हणजे मूळ डावा आणि उजवाच. मागच्या डाव्यासाठी मूळ डावा ९० अंश पुढे सरकवून त्यातून उजवा वजा करतात. मागच्या उजव्यासाठी डाव्यातून ९० अंश पुढे सरकवलेला उजवा वजा करतात. दोन्ही उत्तरांना ०.७०७ ने गुणायचे. सर्व वारंवारितांना सारखेच ९० अंश सरकवणारे गणित म्हणजे हिल्बर्ट रूपांतर. सॉक्स या मोफत साधनात ते तयार मिळते. ऑडॅसिटीत त्यासाठी वेगळे प्लगइन लागते. हे रूपांतर करणारा गाळक आवाजाला थोडा उशीर करतो. न सरकवलेल्या प्रतीलाही तितकाच उशीर द्यावा लागतो, नाहीतर वजाबाकी फसते. काही साधने हा उशीर आपोआप भरून काढतात, काही नाही. आणि ९० अंश ‘पुढे’ की ‘मागे’ यात चिन्ह चुकले, तर मागचे डावे-उजवे चक्क अदलाबदल होतात.

यावर खात्रीचा उपाय आहे. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ‘पुढे डावीकडे’, ‘पुढे उजवीकडे’, ‘मागे डावीकडे’, ‘मागे उजवीकडे’ असे चार वेगळे तुकडे मुद्रित करावेत, ते एसक्यूच्या सूत्रांनी दोन चॅनलमध्ये बसवावेत आणि आपल्याच उलगड्यातून काढून पाहावेत. जो आवाज जिथे सांगतो तिथूनच आला, तर सूत्रे, चिन्हे आणि उशीर तिन्ही बरोबर. रेकॉर्ड हातात घेण्याआधी हे करून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. अनोळखी संगीतात मागचे डावे-उजवे चुकले आहेत हे नुसत्या कानाने ओळखणे फार अवघड असते.

तरीही साध्या गणिताची एक मर्यादा राहते. पुढचा डावा आणि पुढचा उजवा एकमेकांपासून पूर्ण वेगळे होतात, मागचे दोनही होतात. पण पुढचे आणि मागचे यांच्यात फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो. क्यूएसमध्ये हाच ३ डेसिबलचा फरक शेजारच्या कोणत्याही दोन कोपऱ्यांत असतो. मधोमध उभ्या गायकाचा आवाज एसक्यूच्या मागच्या दोन्ही चॅनलमध्ये उलट फेजने झिरपतो. म्हणून मागच्या दोघांत एकमेकांचा सुमारे ४० टक्के आणि पुढच्यांत १० टक्के भाग मिसळण्याची जुनी युक्ती आहे. गायक मागून बराच कमी होतो, पण मागची रुंदीही घटते.

त्या काळी सान्सुईचे व्हेरिओ-मॅट्रिक्स आणि टेट पद्धतीचे डिकोडर यावर दुसरा उपाय करत. त्या क्षणी सर्वांत ठळक आवाज कोणत्या दिशेचा आहे ते ओळखून बाकीच्या दिशांची गळती दाबत. सॉफ्टवेअर यापुढे जाऊ शकते. आवाजाचे लहान, एकमेकांवर चढलेले तुकडे करून प्रत्येकाचे फूरिए रूपांतर काढले, की प्रत्येक वारंवारितेसाठी डाव्या-उजव्याची पातळी आणि फेज वेगळी तपासता येते. पुढे गिटार आणि मागे व्हायोलिन एकाच क्षणी वाजत असतील, तरी दोन्ही आपापल्या कोपऱ्यात जातात. तुकड्याची लांबी निवडणे मात्र कानाचे काम आहे. ४८ किलोहर्ट्झवर ४०९६ नमुन्यांचा तुकडा सुमारे ८५ मिलिसेकंदांचा होतो. त्यात लांबलेले स्वर स्वच्छ वेगळे होतात, पण तबल्याची किंवा ड्रमची थाप पसरट ऐकू येते. तुकडे लहान केले तर थाप टोकदार राहते आणि स्वरांभोवती पाणचट खळखळ येते. संपूर्ण रेकॉर्डला एकच माप लावण्यापेक्षा गाण्यागणिक ते बदलावे. दिशा दाबण्याचा जोरही शंभर टक्के ठेवू नये. थोडी गळती राहू दिलेला उलगडा जास्त नैसर्गिक वाटतो.

ऐकणे आणि जपणे

घरच्या ५.१ यंत्रणेवर ऐकायचे असेल तर फाइलमध्ये चॅनलचा क्रम पुढे डावा, पुढे उजवा, मधला, खर्ज, मागे डावा, मागे उजवा असा लागतो. मधला आणि खर्जाचा चॅनल रिकामा सोडावा. क्वाड्राफोनिक मिश्रणात मागचे स्पीकर पुढच्यांइतकेच महत्त्वाचे असतात, त्यामुळे चारही एकसारखे आणि श्रोत्यापासून सारख्या अंतरावर असावेत. कॉलेज रोड किंवा सिडकोतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा सहसा भिंतीला टेकलेला असतो. तो ऐकण्यापुरता खोलीच्या मध्यावर ओढावा.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९७३ ची रेकॉर्ड २०३३ संपेपर्यंत संरक्षित आहे. स्वतःच्या वापरासाठी उलगडा करण्यास कायद्यात जागा आहे, त्या फाइली वाटण्यास नाही.

उलगडलेल्या फाइलपेक्षा रेकॉर्डवरून घेतलेली मूळ दोन चॅनलची, न गाळलेली फाइल जास्त मोलाची असते. तिच्यासोबत रेकॉर्डचा क्रमांक, पद्धत, वापरलेली सुई आणि कार्ट्रिज, नमुनादर, समीकरण लावले की नाही आणि वेग सुधारला असल्यास किती पट, एवढी माहिती मजकुराच्या साध्या फाइलमध्ये लिहून ठेवावी. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरी असावी.