दुधाच्या वाटीने मांजर आपलंसं होत नाही

भटक्या मांजरासमोर दुधाची वाटी ठेवली की ते लगेच लळा लावतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांच्या शरीरात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर कमी होत जातं. मांजर दूध आवडीने पितं, पण पुढे अनेकदा जुलाब होतात, आणि उघड्यावर जगणाऱ्या जिवाला ते फार महागात पडतं. मांजराचं खाणं आणि स्वच्छ पाणी ठेवा.

खाण्यापेक्षाही मोलाची आहे वेळ. रोज ठरावीक वेळी खाणं ठेवून चार-पाच पावलं मागे सरा आणि अंग तिरकं करून खाली बसा. रोखून पाहू नका, मांजराला त्यात धमकी दिसते. त्याऐवजी डोळे हळूच मिटून उघडा. असं केल्यावर अनोळखी माणसाकडेही मांजरं अधिक येतात, हे ससेक्स विद्यापीठाच्या 2020 मधल्या अभ्यासात दिसलं. अंतर मांजरालाच कमी करू द्या. त्याला आठवडे लागतील, कधी महिनेही. जवळ आलं तर बोट पुढे धरा, हुंगू द्या. गाल घासला तरच गालाला, हनुवटीला हात लावा. पोटाला नकोच.

लहानपणी माणसांचा सहवास न मिळालेली काही मांजरं कधीच हात लावू देत नाहीत. त्यांना पकडून कुरवाळू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.