टर्बोच्या गाडीतील एक्झॉस्टची उष्णता: पट्टी, लेप आणि न मिटलेला वाद

पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो एंजिनातून पूर्ण भाराखाली निघणारा वायू ९०० ते १०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. टर्बाइनच्या आधी ही उष्णता वायूतच राहिलेली बरी, कारण टर्बाइन, म्हणजे एंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोला फिरवणारे चाक, तिच्यावरच फिरते. टर्बाइन ओलांडल्यावर मात्र ती बॉनेटखाली रेंगाळली की वायरिंग, रबरी नळ्या, ब्रेकचे तेल आणि एंजिनात जाणारी हवा या सगळ्यांना झळ बसते. पाइपला कापडी पट्टी गुंडाळायची की सिरॅमिकचा लेप द्यायचा, हा वाद या दुहेरी गरजेतूनच आला.

टर्बोचे मूळ पेटंट १९०५ चे, पण पुढची अनेक दशके त्याचा संसार जहाजे, मोठी डिझेल एंजिने आणि उंचावर उडणारी विमाने यांच्यातच होता. वाफेच्या नळ्यांना ॲस्बेस्टॉस गुंडाळण्याची रीत त्याहून जुनी. एक्झॉस्टला गुंडाळण्याची कल्पना तिथून उचललेली. विक्रीसाठीच्या मोटारीत टर्बो आला तो १९६२ साली अमेरिकेत, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर यांच्यातून. जेटफायरमध्ये ठोका (इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे आणि ते भरायला मालक विसरत. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र बिडाचे जाड मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला वायू गोळा करणाऱ्या नळ्या) होते, आणि बीड सगळे निमूट सोसत असे. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, त्यानंतरची पोर्शे ९११ टर्बो, १९७० च्या दशकाअखेरची साब ९९ टर्बो इथपर्यंत गुंडाळण्याचा प्रश्न सामान्य मालकापर्यंत आला नव्हता.

लेपाची वंशावळ वेगळी आहे आणि ती आकाशातून आली. १९४० च्या दशकात विमान एंजिनांच्या पत्र्याच्या भागांवर काचेसारखे एनॅमल चढवण्याचे प्रयोग झाले. १९६० च्या सुमारास एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या नोझलला झिर्कोनिया या उष्णतारोधक सिरॅमिकचा थर दिला गेला. १९७० च्या दशकात झिर्कोनियात थोडा इट्रिया मिसळून तो प्लाझ्माच्या झोतातून फवारण्याची पद्धत जेट एंजिनांच्या पात्यांवर टिकते हे दिसले. शर्यतीच्या गाड्यांच्या पाइपवर आज दिसणारा पांढरट, खरखरीत थर त्याच कुळातला. बाजारात जास्त खपणारा चकचकीत, चंदेरी लेप मात्र दुसराच असतो: ॲल्युमिनियमची भुकटी सिरॅमिकच्या बंधकात धरून तो भट्टीत पक्का करतात. तिसरा पातळ, काळा, रंगासारखा फवारायचा. तिघांनाही ‘सिरॅमिक कोटिंग’च म्हणतात, आणि रंगावर चोळायच्या पॉलिशलाही तेच नाव आहे. त्यामुळे ‘सिरॅमिक केले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

पट्टीचा सुवर्णकाळ म्हणजे १९८० आणि १९९० ची दशके. फॉर्म्युला वनमध्ये १९७७ साली दीड लिटरचे टर्बो एंजिन उतरले, आणि पुढच्या दशकाच्या मध्यावर पात्रता फेरीत अशीच एंजिने हजार अश्वशक्तीच्या पुढे गेली. रॅलीत १९९५ पासून टर्बोच्या तोंडाशी हवा मर्यादित करणारा ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर बंधनकारक झाला, तेव्हा ताकद मिळवण्याचा रस्ता उरला तो टर्बो सतत फिरता ठेवण्याचा. त्यासाठीच्या अँटी-लॅग पद्धतीत चालकाने पाय काढला तरी प्रज्वलन उशिरा करून इंधन थेट मॅनिफोल्डमध्ये जाळतात. बाहेरून ऐकू येणारे ते फटाके याचेच. एवढ्या आगीशेजारी बसलेले एंजिन वाचवायला पट्टी, टर्बोवर शिवलेले सिलिकाचे ब्लँकेट, सोनेरी परावर्तक फॉइल, जे मिळेल ते वापरले गेले. फोटोंमधून ते जगभरच्या हौशी मेकॅनिकांनी पाहिले आणि उचलले. त्या संघांचा मॅनिफोल्ड काही शर्यतींपुरता जगायचा होता, ही गोष्ट फोटोत दिसत नव्हती.

एव्हाना ॲस्बेस्टॉस हद्दपार होऊ लागला होता. त्याची जागा काचतंतूंनी आणि पुढे बेसॉल्टच्या तंतूंनी घेतली. ‘टायटॅनियम रॅप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तपकिरी पट्टीत टायटॅनियम नसते, वितळवून ओढलेला काळा दगड असतो. ती साध्या काचतंतूपेक्षा जास्त ताप सोसते, एवढे खरे.

पट्टीने पाइप मरतो का? हेडर, म्हणजे पाइप जोडून केलेले मॅनिफोल्ड, बनवणारे अनेक जण वॉरंटीपत्रात स्पष्ट लिहितात की गुंडाळलेला पाइप आमच्याकडे आणू नका. पट्टी विकणारे म्हणतात की तडा जातो तो हलक्या वेल्डिंगने आणि आधार न दिलेल्या टर्बोच्या वजनाने. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझे पारडे पाइपवाल्यांकडे झुकते, आणि त्याला कारण साधे भौतिकशास्त्र आहे. उघडा पाइप लाल होतो तेव्हा तो उष्णता किरणांनी फेकत असतो. ७५० अंशांवरचा गंजका, काळपट पत्रा चौरस मीटरमागे सुमारे ५० किलोवॉट बाहेर टाकतो. ८५० अंशांवर हाच आकडा ७० च्या पुढे जातो. हे फेकणे हीच धातूची स्वतःला थंड ठेवण्याची सोय. ती बंद केली की धातूचे तापमान वायूच्या तापमानाकडे सरकू लागते.

मग धातू कोणता यावर सगळे ठरते. साधे पोलाद साडेपाचशे अंशांनंतर झपाट्याने पापुद्रे टाकू लागते. गुंडाळले तर वर्षा-दोन वर्षांत बोटाने भोक पडावे अशी अवस्था होऊ शकते. ३०४ जातीचे स्टेनलेस सतत ९२५ अंश सोसते, पण तापणे-निवणे चालू असेल तर मर्यादा ८७० मानतात, कारण दर वेळी संरक्षक पापुद्रा सुटतो. गाडीचे आयुष्य म्हणजे तापणे आणि निवणेच. शिवाय ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात त्याच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड साचते आणि तिथे तो गंजाला उघडा पडतो. ३२१ जातीत टायटॅनियम आणि ३४७ मध्ये नायोबियम घालतात ते हेच टाळायला. ३०० मिलिमीटरचा स्टेनलेस पाइप ८०० अंशांनी तापला की चार मिलिमीटरहून जास्त लांबतो. त्याला हलायला जागा किंवा बेलो (लवचीक, घड्यांचा जोड) नसेल तर तडा वेल्डशेजारी जाणारच, पट्टी असो वा नसो. वर पट्टी पाणी धरते, रस्त्यावरचे मीठ धरते, आणि तेल गळत असेल तर वातीसारखी पेटतेही.

लेप पाइपची उष्णता आत अडवतो, हा लेपवाल्यांचा दावाही तपासून घ्यावा. प्लाझ्मा झिर्कोनियाचा थर असतो सुमारे ०.३ मिलिमीटर, आणि त्याची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनमागे एक वॉटच्या आसपास. चौरस मीटरला ५० किलोवॉटचा प्रवाह धरला तर या थराच्या दोन बाजूंत फरक पडतो जेमतेम १५ अंशांचा. थराची छिद्रे, पृष्ठभागाची किरण फेकण्याची क्षमता यांनी आणखी काही फायदा होतो, तोही खराच. पण इन्फ्रारेड बंदूक रोखून ‘आधी इतके, नंतर इतके’ असे जे आकडे दाखवतात, त्यांतला बराच भाग बंदुकीचा असतो: चकचकीत पृष्ठभाग कमी किरण फेकतो, आणि बंदूक ते कमी तापमान समजते. पट्टी जाड असते, तिच्यात हवा अडकलेली असते, म्हणून ती खरोखर जास्त अडवते. आणि नेमकी म्हणूनच ती धातूला जास्त जाचते. लेप कमी अडवतो, पण आतूनही दिला तर धातूला गंजण्यापासून वाचवतो. पट्टीला ते जमत नाही.

उष्णता राखली की ‘टर्बो लवकर जागा होतो’, म्हणजे लवकर वेग घेतो, हा दावाही मोजून घ्यावा. टर्बाइनला मिळणारी ताकद वायूच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. ९५० अंश म्हणजे सुमारे १२२३ केल्व्हिन. त्यातले ५० अंश वाचले तरी मिळकत चार टक्क्यांची. आखूड, सडपातळ मॅनिफोल्ड त्याहून जास्त देऊन जातो.

कारखान्यांनी दरम्यान आपला मार्ग बदलला. १९९० च्या दशकात कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा डबा) लवकर तापावा म्हणून दोन पत्र्यांमध्ये हवा ठेवलेले मॅनिफोल्ड आले: आतला पातळ, बाहेरचा भार पेलणारा. गुंडाळण्याच्या कल्पनेची ही सगळ्यात शहाणी आवृत्ती, कारण यात आतला पत्रा मोकळेपणाने लांबू शकतो. २००८ नंतर काही व्ही-८ एंजिनांत टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मध्यभागी गेले आणि हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) हा शोभेचा भाग राहिला नाही. त्यानंतर छोट्या टर्बो एंजिनांत मॅनिफोल्ड थेट सिलिंडर हेडमध्ये, पाण्याच्या वेढ्यात ओतला जाऊ लागला. म्हणजे जी उष्णता राखायला पट्टीवाले धडपडतात, तीच उष्णता कारखाना मुद्दाम पाण्यात सोडतो. टर्बाइन वाचवायला पूर्ण भारावर जास्तीचे पेट्रोल ओतण्याची जुनी सवय सोडायची असेल, तर वायू दुसऱ्या कशाने तरी थंड करावा लागतो. २०१७ पासून युरोपात नव्या मॉडेलांची प्रदूषणचाचणी प्रत्यक्ष रस्त्यावरही सुरू झाल्यावर ती सवय आणखी महाग पडू लागली.

अशा एंजिनात गुंडाळायला उरतो तो टर्बोचा गरम भाग आणि डाउनपाइप. टर्बोवर बांधायचे ब्लँकेट मधल्या बेअरिंग हाउसिंगवर चढता कामा नये, कारण तेल आणि पाण्याने थंड होणारा तो भाग कोंडला की आतले तेल जळून कोळसा होतो. डाउनपाइप टर्बाइननंतरचा, त्यामुळे बराच थंड, आणि फायरवॉलला (एंजिन आणि बसायची जागा यांच्यातल्या भिंतीला) चिकटून जाणारा. पट्टीमुळे होणारे नुकसान तिथे सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त. कॅटॅलिस्टचा डबा मात्र मोकळाच सोडायचा, कारण तो स्वतःही उष्णता निर्माण करतो.