जुन्या मशागतीच्या औजारांची ओळख: झिजेवरून आणि जोडणीवरून

नाशिकच्या आसपास द्राक्षबागांच्या फाटकांवर, महामार्गालगतच्या उपाहारगृहांच्या अंगणात आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या ओसरीवर जुनी शेती-औजारे आता शोभेसाठी मांडलेली दिसतात. त्यांच्याखाली पाटी असलीच तर बहुधा ‘नांगर’ एवढाच शब्द असतो, मग वर टांगलेली वस्तू वखर असो, पाभर असो की कोळपे. ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही. प्रत्येक औजार मातीच्या एका ठरावीक गरजेसाठी घडवलेले असते, आणि नाव चुकले की त्या गरजेचे ज्ञानही नजरेआड जाते.

ओळख पटवताना लाकडी सांगाड्यापासून सुरुवात करू नये, कारण बैलांपर्यंत जाणारी दांडी आणि हातात धरायचे रुमणे हे भाग अनेक औजारांत थोड्याफार फरकाने सारखेच असतात. आधी पाहावा तो मातीला टेकणारा भाग. एकच टोकदार फाळ असेल तर तो नांगर. दिंडाखाली, म्हणजे आडव्या जाड लाकडाखाली, दोन जानावळ्यांत (उभ्या दांड्यांत) बसवलेली पोलादी पास, म्हणजे आडवे पाते, असेल तर तो वखर, ज्याला पुण्या-साताऱ्याकडे कुळव म्हणतात. दिंडातून एका ओळीत दोन, तीन किंवा अधिक फण (दाते) खाली उतरत असतील तर ती पेरणीची पाभर किंवा तिफण. पाभरीचे चाडे (बी सोडायचे नरसाळे) आणि बांबूचे नळे बहुतेक ठिकाणी हरवलेले असतात, त्यामुळे उरलेला सांगाडा भलत्याच नावाने ओळखला जातो. परंतु फणात बियाणे उतरण्यासाठी पाडलेले छिद्र दिसले की शंका राहत नाही. मशागतीच्या औजाराला अशा छिद्राची गरजच नसते.

वखर आणि कोळपे यांच्यात मात्र गल्लत होणे स्वाभाविक आहे, कारण कोळपे, म्हणजे उभ्या पिकातले तण काढायचे औजार, रचनेने लहान वखरच. येथे पासेची रुंदी निर्णायक ठरते. वखराची पास मोकळ्या शेतात फिरते म्हणून रुंद असते, तर कोळप्याची पास उभ्या पिकाच्या दोन ओळींमधून जायची असल्याने अरुंद असते; काही कोळप्यांत पासेच्या मध्यभागी फट ठेवलेली असते, त्या फटीतून पिकाची ओळ सुखरूप निसटते. जू सोबत सापडले तर आणखी एक पुरावा हाती येतो. नांगराचे जू आखूड, कारण बैल एकमेकांजवळ चालले पाहिजेत. कोळपणीचे जू लांब, कारण बैलांनी पिकाच्या ओळी न तुडवता दूर-दूर चालायचे असते. त्याच ढिगाऱ्यात बैलांनी उभे पीक खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला बांधायची मुसकी सापडली, तर तीही कोळपणीची खूण असू शकते.

यानंतर झीज पाहावी, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. लाकडी नांगराचा फाळ माती पाचरीसारखी फोडत दोन्ही बाजूंना सारतो, म्हणून त्याची झीज बरीचशी दोन्हीकडे सारखी होते आणि टोक हळूहळू आखूड व बोथट होत जाते. असे टोक लोहाराकडून शेवटून, म्हणजे ठोकून पुन्हा टोकदार करून, घेत, त्यामुळे जुन्या फाळावर पुन्हापुन्हा तापवून ठोकल्याच्या खुणा दिसतात. हा नांगर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे तास (चर) पाडतो आणि दोन तासांच्या मध्ये न फुटलेल्या मातीची पट्टी राहते, म्हणून शेत उभे आणि आडवे असे दोनदा नांगरावे लागते. राजस्थानातील कालीबंगन येथे हडप्पापूर्व काळातील, सुमारे 2800 इ.स.पूर्व इतके जुने नांगरलेले शेत उत्खननात सापडले. तेथेही तास एकमेकांना छेदणारे आहेत, एका दिशेने सुमारे 30 सेंटिमीटर आणि दुसऱ्या दिशेने सुमारे 190 सेंटिमीटर अंतराने.

लोखंडी नांगराची झीज वेगळी असते. त्याचा वळणदार पत्रा माती उचलून एकाच बाजूला पालथी करतो, म्हणून त्या बाजूचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतो, तर विरुद्ध बाजूची सपाट पट्टी तासाच्या उभ्या भिंतीला घासत झिजते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते या समजुतीमुळे तो विकणे अवघड गेले. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि असे नांगर महाराष्ट्रभर पोहोचले. लाकडी नांगराची हाळीस, म्हणजे लांब दांडी, थेट जुवापर्यंत जाते आणि जू हाळशीवर पुढेमागे बांधून खोली साधली जाते: जू फाळापासून दूर सरकवले की हाळशीचा चढ कमी होतो, फाळाचे टोक खाली झुकते आणि तास खोल जाते. अनेक लोखंडी नांगरांची दांडी आखूड असून ओढ साखळीने घेतली जाते, आणि पुढच्या टोकाला असलेल्या पट्टीतील एकाखाली एक छिद्रे खोली कमी-जास्त करण्यासाठी असतात. मोडक्या नांगराचा फक्त पुढचा तुकडा मिळाला, तरी एवढ्यावरून त्याची जात सांगता येते.

औजार कोणत्या तालुक्यातले आहे, हेही विचारावे. निफाड, येवला या भागांतील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असून तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगांमुळे अशी जमीन काही अंशी आपोआपच मोकळी होते, म्हणून तेथे दरवर्षी खोल नांगरट करण्याऐवजी वखराच्या पाळ्या घालण्याची रीत होती. वखराची पास तण मुळापाशी कापते आणि वर भुसभुशीत थर तयार करते. त्या थरामुळे खालच्या ओलाव्याची वर चढण्याची वाट तुटते. हरळी आणि कुंदा ही चिवट तणे माजली, तरच जड नांगर आणि बैलांच्या अनेक जोड्या काढल्या जात. याउलट इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पावसाळी डोंगरपट्ट्यात भातखाचरांची चिखलणी करायची असल्याने नांगर हलका आणि आटोपशीर, आणि जोडीला चिखल सपाट करणारी फळी. तेथील घरात मिळालेला लहान नांगर पाहून तो मुलांच्या खेळण्याचा असावा असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

औजार हाती आल्यावर ते घासून चकचकीत करण्याचा आणि तैलरंग देण्याचा मोह टाळावा, कारण घासकामात झीज नाहीशी होते आणि रंगाखाली लोहाराच्या ठोक्यांच्या खुणा बुजतात. मऊ कुंच्याने माती काढावी, पासेची रुंदी, फणांमधील अंतर आणि जुवाची लांबी मोजून लिहावी, आणि ज्यांच्या घरचे औजार आहे त्या आजोबा-आजींना त्याचे नाव, त्याचे लाकूड आणि ते कोणत्या पिकासाठी वापरले हे विचारून त्याच कागदावर नोंदवावे.