चर्चच्या जागेचा झोन बदलायचा असल्यास: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा प्रवास

महाराष्ट्रात चर्चच्या मालकीची जमीन नियोजन आराखड्यात शेती किंवा हरित विभागात दाखवलेली असते आणि मंडळीला तेथे प्रार्थनामंदिर, शाळा किंवा सभागृह बांधायचे असते, तेव्हा झोन, म्हणजे जमिनीच्या वापराचा विभाग, बदलण्याचा विषय निघतो. हा बदल महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार होतो. जागा महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या मंजूर विकास योजनेत असल्यास कलम ३७ आणि केवळ प्रादेशिक योजनेत असल्यास कलम २० लागू होते.

अर्ज करण्यापूर्वी नगररचना कार्यालयातून झोन दाखला व भाग नकाशा घ्यावा आणि हवा असलेला वापर सध्याच्याच विभागात अनुज्ञेय आहे का, हे पाहावे. बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्याला डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अशा वापरांची यादी आहे. निवासी विभागात प्रार्थनास्थळ किंवा शाळा रस्त्याच्या रुंदीसारख्या अटींवर बसू शकते. तसे असेल तर झोन बदलाची गरजच उरत नाही. जागेवर सार्वजनिक उपयोगासाठी आरक्षण असेल तर तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी कलम १२७ ची, म्हणजे दहा वर्षांनंतर ‘जागा संपादित करा’ असे सांगण्यासाठी द्यावयाच्या खरेदी सूचनेची, वाट आहे.

अर्ज कोणी करायचा, हा प्रश्न साधा वाटतो, पण बहुतेक प्रकरणे अडतात ती येथेच. पाळक किंवा धर्मगुरू हे जमिनीचे मालक नसतात. सातबारा उताऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर ज्या न्यासाचे नाव आहे, त्याच्या अधिकृत विश्वस्ताने ठरावासह अर्ज करावा लागतो. जुन्या मिशनच्या जागांवर आजही परदेशी मिशनरी संस्थांची नावे आढळतात. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, परंतु चर्च एक झाले म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही. त्यामुळे आधी फेरफार आणि धर्मादाय कार्यालयातील विश्वस्त बदलाचा अर्ज मार्गी लावावा. कॅथलिक धर्मग्रामाच्या जागेसाठी बिशपांचे संमतिपत्र जोडणे हिताचे असते.

कागदपत्रांत चालू सातबारा, फेरफार, मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा), न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा, विश्वस्त मंडळाचा ठराव आणि पोहोच रस्त्याचा पुरावा असावा. परिशिष्टात ही मिळकत नोंदलेली आहे की नाही, हे स्वतः वाचून पाहावे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर शासकीय निर्बंध असलेली), किंवा शाळा अथवा रुग्णालयासाठी शासनाने दिलेली असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय वापर बदलणे शर्तभंग ठरू शकते, हे विसरू नये.

विकास योजनेतील बदलासाठी अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे महानगरपालिका किंवा नगरपरिषदेकडे, जातो. कलम ३७ खालील फेरबदल योजनेचे मूळ स्वरूप न बदलणारा असावा लागतो, आणि तो प्रस्तावित करणे प्राधिकरणाच्या अधिकारातील बाब आहे; अर्जदार तो हक्क म्हणून मागू शकत नाही. म्हणूनच ‘आमची जागा आहे’ यापेक्षा परिसरातील झालेली वस्ती, उपलब्ध रस्ता, पाणी व मलनिस्सारण यांवर अर्जाचा भर असावा. प्राधिकरणाने प्रस्ताव स्वीकारल्यास शासन राजपत्रात सूचना प्रसिद्ध होते, हरकती व सूचनांसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत दिली जाते आणि बाधितांची सुनावणी होते. शेजाऱ्यांच्या हरकती बहुधा वाहनतळ, गर्दी आणि ध्वनिक्षेपकाविषयी असतात. त्यांना भावनेने नव्हे, तर वाहनतळाच्या नकाशाने उत्तर द्यावे. नंतर प्रस्ताव शासनाच्या नगरविकास विभागाकडे जातो आणि संचालक, नगररचना यांचा विचार घेऊन शासन तो मंजूर करते, त्यात बदल करते किंवा नाकारते.

मंजुरीची अधिसूचना म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. अधिसूचनेतील अटी पूर्ण करून, शासनाने अधिमूल्य (प्रीमियम) आकारले असल्यास ते भरून, नकाशे स्वतंत्रपणे मंजूर करून घ्यावे लागतात. झोन बदलानंतर जागा विकायची, किंवा ती बिगरशेती झाल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. विकसकाशी बोलणी सुरू असतील, तर ही मंजुरी कराराच्या आधी घ्यावी लागते.