दिव्यांग मुलांचे उपचार : हाजीअली ते अंगणवाडी

दिव्यांग मुलांच्या उपचारांचा विषय निघाला की सगळे डायरेक्ट 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यावर येतात, पण आपल्याकडे ही सुरुवात सरकारने नाही, आयांनी केलीय. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातेमा इस्माईल यांनी 1947 मध्ये मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी क्लिनिक काढलं, त्याच कामातून पुढे हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली, तिथेही कारण मुलगीच, तिला सेरेब्रल पाल्सी होता, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. मधल्या काळात 1955 ला हाजीअलीलाच केंद्राची पुनर्वसन संस्था आली, आणि नंतर 1983 ला बांद्र्यात कर्णबधिरांची अली यावर जंग संस्था. म्हणजे बघा, सगळं मुंबईत! गडचिरोलीच्या पोराने काय करायचं?

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 मध्ये ते 21 झाले, त्यात ऑटिझम आला, आणि थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजारही आले. विदर्भात, नंदुरबारकडे आदिवासी घरांत सिकलसेल किती आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कायद्याला कळायला एवढी वर्षं लागली. तरी कायद्याने हातात पडतं ते सर्टिफिकेट, उपचार वेगळे.

माझ्या मते खरा फरक पडला फेब्रुवारी 2013 मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा, आणि देशपातळीवरचं त्याचं उद्घाटन आपल्या पालघरला झालं होतं (तेव्हा तो ठाणे जिल्हाच). आयडिया साधी, पोराला दवाखान्यात आणायची वाट बघू नका, डॉक्टरची गाडी अंगणवाडीत न्या, वर्षातून दोनदा, आणि शाळेत एकदा. डोक्याचा घेर मोजतात, मागून आवाज करून मूल वळतंय का बघतात, आणि "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" म्हणणाऱ्या आजीला कानाची तपासणी करून घ्या म्हणून समजावतात. बहिरेपणा लवकर सापडला तर कॉक्लियर इम्प्लांटचा (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन) उपयोग होतो, उशीर झाला की मशीन बसवूनही बोलणं येणं कठीण.

पण सापडल्यानंतर पुढे काय, तर जिल्ह्याचं डीईआयसी, म्हणजे लवकर उपचार करणारं सेंटर. जन्मतः वाकड्या पायाचं उदाहरण घ्या, उपचार स्वस्त आहे, दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करत आणायचा, मग चार वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना खास बूट. सर्जरी असेल तर एकदाच जाऊन होते, कर्ज काढून का होईना लोक जातात, पण इथे दर आठवड्याला एसटी, मूल कडेवर, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. सेरेब्रल पाल्सीच्या फिजिओथेरपीला तर शेवटच नाही, आणि मूल मोठं होत जातं तसं कडेवरही घेता येत नाही. केंद्राच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात थेरपीही बसते, सगळे खर्च मिळून वर्षाला 1 लाखापर्यंत, पण थेरपिस्ट तालुक्याला बसतच नसेल तर क्लेम कशाचा करणार?