रक्त गाळून दाह आवरण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने अत्यवस्थ कोविड रुग्णांचं रक्त गाळणाऱ्या काही उपकरणांना तातडीच्या वापराची परवानगी दिली. रक्तातली साइटोकाइन्स, म्हणजे दाह भडकवणारी प्रथिनं, काढली की फुफ्फुसं वाचतील, ही आशा होती. या आशेमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९१३ मध्ये जॉन एबल यांनी प्राण्यांचं रक्त कोलोडियनच्या नळ्यांतून फिरवलं. ते गोठू नये म्हणून जळवांमधलं हिरुडिन वापरलं. पुढे जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या आवरणाची सेलोफेन नळी फिरत्या ड्रमवर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. त्यावर पहिला रुग्ण वाचला तो १९४५ मध्ये.

पण डायलिसिस युरियासाठी होतं. युरियाचा रेणू ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), तर इंटरल्यूकिन-६ हे साइटोकाइन वीस हजारांच्या पुढे. साध्या डायलिसिसच्या पडद्यातून तो फारसा जात नाही. म्हणून मोठ्या छिद्रांचे पडदे आले, आणि रेणू पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र मण्यांची नळकांडी आली.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयव धोक्यात येतात त्या स्थितीत, हाच मार्ग आधी चोखाळला गेला. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष शोषणारं, पॉलिमिक्सिन या प्रतिजैविकाचं नळकांडं जपानमध्ये १९९४ पासून वापरात आहे. २००९ मध्ये इटलीतल्या ६४ रुग्णांच्या चाचणीने उमेद वाढवली. २०१८ मध्ये ४५० रुग्णांच्या चाचणीत मृत्युदरात फरक दिसला नाही. लहान चाचणीवर किती भिस्त ठेवावी, हे तेव्हाच कळायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

कोविडमध्ये घाई समजण्यासारखी होती. मात्र गाळणी निवड करत नाही: दाह शमवणारे रेणू आणि काही प्रतिजैविकंही तीत अडकतात. शिवाय साइटोकाइन्स ऊतींमध्ये तयार होत राहतात; रक्तातून काढलेला साठा पुन्हा भरतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ही निर्मितीच आवरतं, आणि जून २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत त्याने मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं दिसलं.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये एक्मोवरच्या, म्हणजे शरीराबाहेरच्या यंत्राने रक्तात ऑक्सिजन मिसळला जाणाऱ्या, ३४ कोविड रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागणी झाली; एका गटाला साइटोकाइन्स शोषणारं नळकांडं, म्हणजे शोषक, लावलं. ७२ तासांनंतर इंटरल्यूकिन-६ च्या पातळीत दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. तीस दिवसांनी शोषक वापरलेल्या १७ पैकी ३ जण जिवंत होते, न वापरलेल्या १७ पैकी १३. चाचणी लहान होती, तरी २०२१ मध्ये निष्कर्ष मांडताना संशोधकांनी एक्मोच्या पहिल्या दिवसांत हे शोषक वापरू नये, असं स्पष्ट सांगितलं.