मधली दांडी

5 मे 1931. दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकन्सबर्ग डोंगरांत, व्हॅन रीनन घाटाजवळ, एक छोटं विमान धुळीच्या वादळात सापडलं आणि हवेतच मोडलं. आत दोघं होते, ग्लेन किडस्टन आणि कॅप्टन टोनी ग्लॅडस्टन. दोघंही गेले.

किडस्टन 32 वर्षांचा होता. महिन्याभरापूर्वीच इंग्लंडहून निघून त्याने 6 दिवस 10 तासांत केपटाऊन गाठलं होतं. 1930 ची ल मान्सची मोटारशर्यत त्याने वुल्फ बार्नाटोच्या जोडीने जिंकलेली. 1929 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये लुफ्तहान्साचं विमान कोसळलं, त्यातून अखेर जगला तो एकटाच. अशा माणसाचा अपघाती मृत्यू झाला की लोक म्हणतात, धाडस अंगाशी आलं. मला हे कधीच पटलं नाही. हे विमान त्याने उसनं घेतलेलं होतं, आणि त्याच जातीची आणखी विमानं त्याच दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या वैमानिकांच्या हाताखाली हवेत मोडत होती. मग दोष हातांचा कसा?

विमान होतं डी हॅविलँड कंपनीचं पुस मॉथ. 120 अश्वशक्तीचं इंजिन, 11 मीटरहून थोडा जास्त पंखविस्तार, आणि सगळ्यांना भुरळ घालणारी गोष्ट म्हणजे बंद केबिन. त्याआधीच्या मॉथ विमानांत वैमानिक उघड्यावर बसे, तोंडावर वारा आणि तेलाचे शिंतोडे झेलत. पुस मॉथमध्ये साध्या कपड्यांत बसून गप्पा मारत जाता येई, तेही ताशी 170 किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथमधूनच. किडस्टन जाऊन तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. जुहूच्या त्या उड्डाणाबद्दल आपण अभिमानाने बोलतो आणि बोलावंच, पण त्या विमानाच्या पंखाखाली काय प्रश्न लपला होता, हे क्वचितच कुणी सांगतं.

जुन्या मॉथला एकावर एक असे दोन पंख होते. मध्ये उभ्या दांड्या आणि ताणलेल्या तारा. दिसायला मच्छरदाणीच्या सांगाड्यासारखं, पण भलतंच ताठ. पुस मॉथला एकच पंख, छतावर. त्याला धरायला दोन्ही बाजूंनी खालून तिरक्या दांड्या, एक पुढे आणि एक मागे. या दांडीला स्ट्रट म्हणतात. विमान शांत हवेत उडतं तेव्हा पंख वर जाऊ पाहतो आणि स्ट्रट ओढला जातो. ओढ सोसणं पोलादी नळीला फारसं जड नाही.

खरी पंचाईत उलट्या दिशेला होते. वेग वाढला की पंखावरच्या उचलीचा भार मागच्या बाजूला सरकतो आणि पंखाची पुढची कड खाली दबू लागते. म्हणजे पुढचा स्ट्रट आता ओढला जात नाही, दाबला जातो. त्यात डोंगरावरून घसरत येणारा वारा वरून थाप मारतो. या थापेचा जोर विमानाच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर धक्काही दुप्पट. म्हणून तर खळबळीची हवा लागली की वैमानिक आधी वेग उतरवतात.

दाबलेली दांडी कशी मोडते हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खराट्यातला एक लांब हीर काढा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा धरा आणि वरून हळूहळू दाबा. तो चिरडत नाही, तुटतही नाही. काट्यावर थोडेसेच ग्रॅम दिसतात आणि हीर अचानक बाजूला बाक घेतो. आता कुणाला तरी त्याच्या बरोबर मध्यावर दोन बोटं अलगद लावायला सांगा, नुसती, न दाबता. पुन्हा दाबा. आता हीर बराच जास्त भार घेईल आणि मग इंग्रजी एस अक्षरासारखा वळेल. हिशेबाने हा भार चौपट भरतो. लांबी निम्मी झाली की बाक यायला लागणारा जोर चौपट होतो, हे गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलरने 1744 मध्येच गणिताने दाखवून ठेवलं होतं. या गणितात धातू किती मजबूत आहे याला जागाच नाही. तिथे मोजला जातो तो ताठपणा आणि आकार. बारीक, लांब नळीसाठी जास्त भारी पोलाद आणून काही उपयोग नाही, कारण साधं काय आणि भारी काय, पोलादाचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो.

पंखाला आणखी एक खोड असते, फ्लटर. चालू पंख्यासमोर कागद एका कडेला धरा. मंद वाऱ्यात तो नुसता हलतो. वारा वाढवला की एका क्षणी फडफड सुरू होते आणि हात थरथरतो. कागद वर-खाली होतो आणि पिळलाही जातो, आणि या दोन हालचाली एकमेकींना अशा धरतात की प्रत्येक फेरीत वाऱ्यातून नवी शक्ती शोषली जाते. विमानाच्या पंखाचं असं झालं तर काही सेकंदांत खेळ आटोपतो. यावरचा तोडगाही ताठपणाच, आणि जोडीला पंखाच्या मागच्या हलत्या फळीला बिजागरीच्या पुढे लावलेलं छोटं वजन. फळीचा तोल बिजागरीवरच आला की पंख उसळताना ती मागे रेंगाळत नाही.

त्या काळच्या तपासनिसांबद्दल मला फार आदर वाटतो. उड्डाणाची नोंद ठेवणारं यंत्र नाही, रडार नाही. मैलभर पसरलेले तुकडे वेचायचे, कुठला तुकडा आधी पडला हे जमिनीवरच्या जागेवरून ताडायचं. 1930 च्या जुलैत इंग्लंडमध्ये केंट परगण्यात मिओफमला एक युंकर्स विमान असंच हवेत फुटून सहा माणसं गेली होती. तेव्हा ब्रिटिश संशोधकांनी पवनबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, प्रतिकृती ठेवून पंखावरून सुटलेली हवा शेपटीला कशी झोडपते ते पाहिलं. तीच चिकाटी पुस मॉथच्या वाट्याला आली आणि संशय पुढच्या स्ट्रटवर स्थिरावला. तो बळकट केला गेला, आणि त्याच्या मधल्या भागाला आधार म्हणून एक बारीकशी दांडी जोडली गेली.

खराट्याच्या हिराला लावलेली दोन बोटं ती हीच.

पायपर कबसारखं छतावर पंख असलेलं जुनं छोटं विमान कधी जवळून बघायला मिळालं, तर पंखाखालच्या तिरक्या दांड्यांवर नजर टाका. त्यांच्या अधेमधे बोटाएवढ्या जाडीच्या काड्या लावलेल्या दिसतील. इतक्या बारीक, की शोभेसाठी लावल्यात असं वाटावं.